बंद केल्यावरही एसी चालूच राहतो तेव्हा

रिमोटचे बटण दाबूनही एसी थांबत नसेल, तर मेकॅनिकला बोलावण्याआधी नेमके काय चालू राहिले आहे ते पाहावे: आतला पंखा, की बाहेरच्या युनिटमधला कॉम्प्रेसर. पहिल्यात बहुधा काळजीचे कारण नसते. दुसऱ्यात मात्र रात्रभर वाट पाहणे महागात पडते.

बऱ्याच नव्या स्प्लिट एसींमध्ये कुलिंग कॉइलवरचे पाणी वाळावे आणि तिथे बुरशी धरू नये, म्हणून बंद केल्यानंतरही आतला पंखा काही वेळ हळू फिरत राहतो. आपल्याकडच्या दमट किनारी गावांत ही सोय खरोखरच कामाची आहे, तेव्हा अर्धा तास थांबून पाहावे. वीज जाऊन आल्यावर एसी आपोआप सुरू होणे हासुद्धा बिघाड नव्हे, कारण आधीची स्थिती लक्षात ठेवण्याची योजना अनेक यंत्रांत केलेली असते.

त्यानंतर रिमोट तपासावा. बटण दाबल्यावर बीप ऐकू येत नसेल, तर सेल बदलावेत आणि मोबाइलच्या पुढच्या कॅमेऱ्यासमोर रिमोट धरून बटण दाबावे. टोकाचा दिवा पडद्यावर जांभळट लुकलुकला, तर रिमोट संदेश सोडतो आहे असे समजावे. कधी एसी चालू असताना रिमोटच्या पडद्यावर मात्र तो बंद दिसतो. अशा वेळी बटण दोनदा दाबावे लागते. एवढ्यानेही काम झाले नाही, तर इनडोअर युनिटचे पुढचे झाकण उचलून तिथले छोटे बटण एकदाच, क्षणभर दाबावे. ते दाबून धरल्यास अनेक मॉडेलांत उलट सक्तीचे कुलिंग सुरू होते.

आता खरी अडचण. गेल्या मे महिन्यात आमच्या घरचा साधा, म्हणजे इन्व्हर्टर नसलेला, एसी रात्री बंद केला. आतला पंखा थांबला, दिवा विझला, पण सज्जावरच्या युनिटची घरघर थांबेना. तासाभराने झाकण उघडले तेव्हा कॉइलवर पांढऱ्या बर्फाचा थर चढला होता आणि तांब्याच्या नळीवरून पाणी टपकत होते. दोष निघाला इनडोअर युनिटच्या पीसीबीवरील, म्हणजे एसीला आदेश देणाऱ्या सर्किट बोर्डावरील, रिलेत. रिले म्हणजे कॉम्प्रेसरची वीज जोडणारा-तोडणारा छोटा विजेवर चालणारा स्विच. कॉम्प्रेसर सुरू होताना क्षणभर नेहमीच्या कित्येक पट विद्युतप्रवाह ओढतो आणि दर वेळी रिलेच्या टोकांवर ठिणगी पडते. व्होल्टेज सतत वरखाली होत असेल, तर ती टोके अखेर एकमेकांना चिकटून बसतात. मग पीसीबीने बंदचा आदेश दिला तरी वीज पुढे जातच राहते. आतला पंखा थांबलेला असल्याने कॉइलला उष्णता मिळत नाही, बर्फ साचतो आणि न उकळलेला द्रवरूप गॅस कॉम्प्रेसरमध्ये परत जाऊन त्याची नासाडी करतो.

असे दिसताच एसीचा एमसीबी, म्हणजे वीजपेटीतला त्याचा सुरक्षा-स्विच, खाली करावा. एसी वीज ओढत असताना प्लग ओढू नये, कारण सॉकेटमध्ये ठिणगी उडते. जळकट वास आला असेल, तर दुरुस्ती होईपर्यंत एमसीबी पुन्हा चढवू नये. बाहेरचे युनिट स्वतः उघडण्याचा मोह कटाक्षाने टाळावा. वीज तोडल्यावरही त्यातल्या कपॅसिटरमध्ये, म्हणजे वीज साठवणाऱ्या भागात, धक्का देण्याइतकी वीज शिल्लक असू शकते.

मेकॅनिक कधी कधी रिलेवर टिचकी मारून ती सोडवतो आणि काम झाले म्हणतो. हे मान्य करू नये, कारण एकदा चिकटलेली टोके पुन्हा चिकटतात. रिले बदलण्यासाठी संपूर्ण पीसीबी नवी घ्यावी लागेलच असे नाही. सोल्डरिंग येणारा माणूस तेवढीच बदलून देतो, फक्त तिचे अँपिअर मूळ रिलेइतकेच असल्याची खात्री करावी. कामानंतर मेकॅनिक समोर असतानाच एसी दहा मिनिटे चालवून बंद करावा, बाहेरची घरघर थांबल्याचे स्वतः सज्जाजवळ जाऊन ऐकावे आणि मगच पैसे द्यावेत.