शिनोळीचं बिल तपासण्याआधी

निपाणी बेळगावपासून सत्तरेक किलोमीटरवर, शिनोळी मात्र वेंगुर्ला रोडने निघालं की आलीच. तरी बेळगावच्या उद्यमबागेतून सुटलेला माल निपाणीला गेला तर बिलावर सीजीएसटी आणि एसजीएसटी (केंद्राचा अर्धा, राज्याचा अर्धा कर) लागतो, आणि शिनोळीला गेला तर आयजीएसटी (राज्याबाहेरच्या विक्रीचा एकच कर). कारण शिनोळी चंदगड तालुक्यात, म्हणजे महाराष्ट्रात. हे इथल्या कुठल्याही टेम्पोवाल्याला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येईल. बिल काढणाऱ्या सर्व्हरला मात्र कोडमध्ये काही बदललं की पुन्हा विचारावं लागतं. आम्ही टिळकवाडीत बसून व्यापाऱ्यांसाठी बिलिंगचा एपीआय (इतर प्रोग्राम ज्यातून सर्व्हरशी बोलतात ती खिडकी) चालवतो आणि हे विचारण्याचं काम हर्ल नावाच्या कमांड लाइन टूलकडे दिलंय; ते सर्व्हरला रिक्वेस्ट पाठवतं आणि आलेलं उत्तर तपासतं. ऑफिसात नवीन येणारी पोरं पहिल्याच दिवशी टूल बसवतात आणि तासाभरात म्हणतात, झालं, आता काय चालवू? टूल बसवणं म्हणजे या तयारीतला सगळ्यात छोटा भाग, म्हणून हे लिहून ठेवतोय.

तो छोटा भाग आधी उरकून घेऊ. हर्ल हे ऑरेंज या फ्रेंच टेलिकॉम कंपनीकडून आलेलं ओपन सोर्स टूल आहे. रस्ट भाषेत लिहिलेलं, आत लिबकर्ल, म्हणजे कर्ल या रिक्वेस्ट पाठवणाऱ्या टूलचीच लायब्ररी. नोड वगैरे काही लागत नाही. उबुंटूवर डेब पॅकेज, विंडोजवर विंगेट, मॅकवर होमब्रू. बसवल्यावर व्हर्जन विचारून घ्या आणि तोच आकडा प्रोजेक्टच्या रीडमीमध्ये लिहा. सगळ्यांच्या मशीनवर एकच व्हर्जन असू दे. तुमच्याकडे आधीपासून पोस्टमन या एपीआय तपासायच्या ॲपची भरगच्च कलेक्शनं असतील तर हर्लच्या मागे लागू नका, त्याचंच कमांड लाइन टूल न्यूमन बसवा, तीच कलेक्शनं टर्मिनलवरून चालतील. आम्ही हर्ल घेतलं ते साध्या टेक्स्ट फाइलसाठी. गिटमध्ये कुणी काय बदललं ते ओळीओळीने दिसतं. विंडोजवाल्यांनी एक ध्यानात ठेवा: जुन्या पॉवरशेलमध्ये कर्ल असं टाइप केलं की खरं कर्ल चालत नाही, त्या नावाखाली मायक्रोसॉफ्टची वेगळीच कमांड उठते. हाताने एखादी रिक्वेस्ट तपासायची असेल तर पुढे डॉट ईएक्सई लावा.

फाइलची रचना वाचता वाचता कळते. वर मेथड आणि पत्ता, खाली हेडर, मग बॉडी. त्याखाली कुठला स्टेटस कोड यायला हवा ते, आणि चौकटी कंसातल्या असर्ट्सखाली उत्तरात काय काय तपासायचं ते. लॉगिनच्या उत्तरातलं टोकन कॅप्चर्समध्ये पकडलं की त्याच फाइलमधल्या पुढच्या रिक्वेस्टला वापरता येतं. कुकीही फाइलभर आपोआप पुढे जाते. दुसऱ्या फाइलमध्ये यातलं काहीच जात नाही, म्हणून एका बिलाची सगळी कहाणी, म्हणजे लॉगिन, ग्राहक, बिल, रद्द करणं, एकाच फाइलमध्ये ठेवा. आणि असर्ट लिहिताना नुसत्या २०० वर, म्हणजे सर्व्हरच्या ‘ठीक आहे’वर, समाधान मानू नका. कर चुकला तरी सर्व्हर २००च देतो.

आता पत्ता. सर्व्हरचा पत्ता फाइलमध्ये कधीही थेट लिहायचा नाही, व्हेरिएबल फाइलमधून घ्यायचा. त्या फाइलचं नाव बघताक्षणी ती चाचणीची आहे हे कळलं पाहिजे. हा नियम फुकट आलेला नाही. दोन वर्षांपूर्वी घाईत माझ्याकडून चुकीची व्हेरिएबल फाइल लागली आणि एका व्यापाऱ्याच्या चालू सिस्टिममध्ये बारा खोटी बिलं तयार झाली. बिलाचे नंबर एका आर्थिक वर्षात ओळीने जावे लागतात, त्यामुळे ती पुसून टाकता येईनात. एकेक रद्द करून त्यांच्या अकाउंटंटला प्रत्येकाचं कारण लिहून द्यावं लागलं. ते गृहस्थ काही बोलले नाहीत, नुसता चहा मागवला. ते जास्त लागलं. तेव्हापासून प्रत्येक फाइलची पहिली रिक्वेस्ट सर्व्हरला तू कोण म्हणून विचारते, आणि उत्तरात ‘स्टेजिंग’ (म्हणजे चाचणीचा सर्व्हर) हा शब्द आला नाही तर फाइल तिथेच थांबते. पासवर्ड आणि टोकन गिटमध्ये टाकू नका. ते सीक्रेट म्हणून द्या, म्हणजे लॉगमध्येही झाकलेले राहतात.

व्हेरिएबलची आणखी एक खोड आहे. हर्ल आकडा दिसला की तो आकडा म्हणून घेतं. पिनकोड ५९०००१ असाच दिला आणि एपीआय तो स्ट्रिंग म्हणून परत पाठवत असेल, तर दिसायला दोन्ही सारखे आणि चाचणी मात्र लाल. अशा किमती दुहेरी अवतरणात लिहा.

खरा वेळ जातो आणि जायलाच हवा तो डेटा गोळा करण्यात. इथे आपल्या भागासारखा भाग नाही. पुण्यात बसून कुणी चाचणीचा डेटा केला तर तो दहा ग्राहक महाराष्ट्रातले घेईल आणि एखादा दिल्लीचा. आपल्या यादीत किमान इतकं हवं: बेळगावचा विक्रेता, जीएसटी क्रमांकाची सुरुवात २९ ने. एक गिऱ्हाईक निपाणीचं, तेही २९. एक शिनोळीचं आणि एक कागलचं, दोन्ही २७. आणि चोरला घाटाने माल जातो म्हणून एक गोव्याचं, ३०. मालाची किंमत १०,००० आणि दर १८ टक्के धरला तर निपाणीच्या बिलावर ९०० आणि ९०० अशा दोन ओळी हव्यात आणि आयजीएसटीची ओळ नको. शिनोळीच्या बिलावर १,८०० ची एकच. ‘नको’ हेही असर्टमध्ये लिहा. आमच्याकडे एकदा दोन्ही लागून आले होते आणि चाचणी हिरवी होती, कारण आम्ही फक्त आयजीएसटी आहे का तेवढंच विचारलं होतं.

गोल रकमांवर थांबू नका. ३३३.०५ रुपयांचा माल घ्या. आयजीएसटी १८ टक्के म्हणजे ५९.९४९, पैशात ५९.९५. तोच माल निपाणीला गेला तर ९ टक्के म्हणजे २९.९७४५, पैशात २९.९७, आणि दोनदा मिळून ५९.९४. एक पैसा कमी. इथे सर्व्हर चुकलेला नसतो. पण त्याने आधी एकूण कर काढून मग अर्धा केला तर काय होतं, हे या एका रकमेवरून लगेच दिसतं.

जीएसटी क्रमांक १५ अक्षरांचा. पहिले दोन राज्याचे, पुढचे दहा पॅनचे, शेवटचं तपासणीचं. शेवटचं अक्षर मुद्दाम बिघडवलेला एक क्रमांक डेटात असू द्या, आणि तो नाकारला गेलाच पाहिजे. खऱ्या गिऱ्हाइकांचे क्रमांक, मोबाईल नंबर चाचणीत घेऊ नका, ते कितीही हाताशी असले तरी. बिल नंबर १६ अक्षरांपर्यंतच चालतो, म्हणून १६ चा एक आणि १७ चा एक. गाडी नंबरात केए २२ आणि केए २३ बरोबर एमएच ०९ घ्या, कारण बेळगावच्या मालाला कोल्हापूर पासिंगची गाडी हे रोजचं आहे. भारत सिरीजचा नंबर वर्षाने सुरू होतो, तोही एक असू द्या. राज्याबाहेर जाणारा माल ५०,००० च्या वर गेला की ई-वे बिल लागतं; तेव्हा बरोबर ५०,००० चं एक बिल आणि एक रुपया जास्तीचं एक.

नावांकडे मी सगळ्यात जास्त वेळ देतो. शहराचं इंग्रजी नाव १ नोव्हेंबर २०१४ पासून अधिकृतपणे बदललं, पण जुन्या डेटात जुनं स्पेलिंग आहेच. त्यात मराठीत बेळगाव, बेळगांव, बेळगावी अशी तीन लेखनं, शिवाय कन्नडमधलं. शोध घेणाऱ्या एपीआयला हे सगळं एकच गाव आहे हे कळतं का, याची वेगळी फाइल करा. लांबीची मर्यादा कशात मोजली जाते तेही बघा. ‘बेळगाव’ आपल्या डोळ्याला चार अक्षरं, युनिकोडमध्ये सहा खुणा, यूटीएफ-८ मध्ये अठरा बाइट. नाव मध्येच तुटून शेवटी वेडंवाकडं चिन्ह आलं तर बहुधा कुणीतरी बाइट मोजलेले असतात.

आणि कुऱ्हाडे. या आडनावातला अर्धा र दोन तऱ्हांनी टाइप होतो: काही कीबोर्ड खास मराठी ऱ घेऊन हलंत लावतात, काही साधा र, हलंत आणि मागे एक न दिसणारं जोडचिन्ह टाकतात. पडद्यावर दोन्ही हुबेहूब. डेटाबेसला मात्र ही दोन वेगळी माणसं, आणि युनिकोडचं नेहमीचं नॉर्मलायझेशनही त्यांना एक करत नाही. ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर भरलेलं गिऱ्हाईक मालकाच्या मोबाईलवर शोधलं की ‘सापडत नाही’ येतं ते यामुळे. दोन्ही रूपं डेटात घ्या, एकाने नोंद करा, दुसऱ्याने शोधा. मराठी आकड्यांचंही तसंच. पायथॉनमध्ये रेजेक्सचा, म्हणजे मजकूर जुळवायच्या साच्याचा, ‘अंक’ देवनागरी अंकांनाही जुळतो, जावास्क्रिप्टमध्ये जुळत नाही. म्हणजे फॉर्म जावास्क्रिप्टमध्ये आणि एपीआय पायथॉनमध्ये असेल, तर ५९१२३७ हा निपाणीचा पिनकोड देवनागरीत टाकला की फॉर्म नाकारतो आणि तोच थेट एपीआयला पाठवला तर आत जातो. काय व्हायला हवं ते आधी ठरवा, मग असर्ट लिहा. विंडोजच्या जुन्या कमांड प्रॉम्प्टवर हे सगळं चौकोन चौकोन दिसेल. फाइल यूटीएफ-८ असेल तर घाबरू नका, दिसण्याचाच प्रश्न आहे.

तारखेचं एकच सांगतो. सर्व्हर यूटीसीवर (जागतिक प्रमाणवेळेवर) असेल तर आपल्या पहाटे साडेपाचपर्यंत त्याच्याकडे कालचीच तारीख असते. १ एप्रिलला रात्री दोन वाजता काढलेलं बिल त्याच्या हिशेबाने ३१ मार्चचं, म्हणजे मागच्या आर्थिक वर्षातलं. ही वेळ देऊन एक बिल काढून बघा.

चालवताना टेस्टचा फ्लॅग लावा. तो नसेल तर हर्ल फक्त शेवटचं उत्तर छापतं. पाचव्या व्हर्जनपासून या मोडमध्ये फाइली एकाच वेळी समांतर चालतात, त्यामुळे दोन फाइली एकाच ग्राहकाला हात लावत असतील तर कधी हिरवं, कधी लाल असा खेळ सुरू होतो. जॉब्स, म्हणजे एकाच वेळी किती फाइली चालायच्या तो आकडा, एकवर आणून बघा. तक्रार गेली तर डेटा वेगळा करा, जॉब्स तसेच ठेवून गप्प बसू नका. प्रत्येक नोंदीला नवा यूयूआयडी (दुसऱ्या कशाशी जुळणार नाही असा ओळखक्रमांक) द्या. सर्व्हर उठायला वेळ घेत असेल तर पहिल्या रिक्वेस्टला रिट्राय (फसली तर पुन्हा प्रयत्न) लावा, सगळ्यांना लावू नका, नाहीतर खरी चूक रिट्रायखाली दबते. वेळेची मर्यादा मुळात ३०० सेकंद आहे, ती दहावर आणा. आणि एक्झिट कोड, म्हणजे रन संपताना हर्ल देतं तो आकडा, वाचायची सवय लावा: २ म्हणजे आपलीच फाइल चुकीची लिहिलीय, ३ म्हणजे चालताना काही बिघडलं, बहुतेक वेळा सर्व्हरपर्यंत पोचलोच नाही, ४ म्हणजे असर्ट फसलं. एपीआय लिहिणाऱ्याला फोन ४ आल्यावरच करायचा. एरर फॉरमॅट ‘लाँग’ ठेवला तर चुकलेल्या उत्तराची बॉडीही दिसते, फोनवर वाचून दाखवायला बरी पडते.

गिटहब ॲक्शन्सवर रोजचा रन लावायचा तर तिथलं क्रॉन (ठरल्या वेळी चालवण्याचं वेळापत्रक) यूटीसीत चालतं. आपल्या सकाळी सहाला हवं असेल तर ००:३० लिहा. स्वतःच्या मशीनवरून चालवणार असाल तर पावसाळ्यात यूपीएस बघून घ्या. खानापूरकडे घर असलेल्यांना हे सांगायला नको. लाईट मध्येच गेली तर फाइलच्या शेवटची रद्द करण्याची रिक्वेस्ट चालतच नाही आणि अर्धी बिलं स्टेजिंगवर पडून राहतात. म्हणून साफसफाई शेवटी ठेवतो तशी सुरुवातीलाही एकदा ठेवतो: चाचणीच्या प्रत्येक बिलाच्या नंबराला एकच ठरलेली सुरुवात, आणि रन सुरू होताना त्या सुरुवातीची सगळी जुनी बिलं आधी रद्द.