पॅनियर गळत होत्या, त्या अशा थांबल्या

इंदूरहून सिमरोळ, भेरूघाट, मग खाली नर्मदेकडे. पावसाळ्यात सायकलवर तंबू बांधून ओंकारेश्वर गाठावं तर याच रस्त्याने! पण बडवाह येईपर्यंत माझ्या पॅनियरमधली, म्हणजे कॅरियरच्या बाजूंना अडकवायच्या पिशवीतली, स्लीपिंग बॅग भिजलेली असायची.

कापड गळत नव्हतं. रिकामी बॅग उन्हाकडे धरून आत पाहिलं, तर तळाच्या शिवणीवर सुईचं एकेक भोक चमकत होतं, आणि चाकाने उडवलेलं पाणी नेमकं तिथेच आदळतं. सीम सीलर, म्हणजे शिवणीची भोकं बुजवणारा लेप, आतून लावला. काही काळ टिकला, पण घड्या पडून सुटायला लागला.

म्हणून नवी जोडी घेताना आधी जोड पाहिले. शिवलेले नकोत, उष्णतेने वितळवून सांधलेले हवेत. कापड पीव्हीसीचा थर दिलेलं पॉलिएस्टर. वजनाला जरा जास्त, पण घासलं तरी लवकर फाटत नाही. तोंडाला चेन नको, गुंडाळायचं तोंड हवं, आणि निदान तीन वळसे द्यायचेच.

पॅनियर कॅरियरला अडकवायच्या हुकांकडे लोक बघतच नाहीत, याचं मला फार वाईट वाटतं. कॅरियरची नळी मोजा. माझी 10 मिलिमीटरची. त्या मापाच्या प्लास्टिक पट्ट्या हुकात बसवल्या आणि खडखड बंद झाली. सैल हुक खड्ड्यागणिक नळीही झिजवतो.

भोक पडलंच तर पीव्हीसीचाच तुकडा, पीव्हीसीच्याच गोंदाने. पंक्चरचं सोल्युशन त्यावर नीट धरत नाही. निघण्याआधी बॅगेत वर्तमानपत्र भरून तळावर नळीने पाणी मारा. कागद ओला झाला की गळती कुठे आहे ते कळतं.