तान्हे बाळ आणि घरची शाळा : अभ्यास बाळाच्या झोपेभोवती कसा बसवावा

घरात आठ, सहा आणि चार वर्षांची तीन मुले शिकत असताना कडेवर सात महिन्यांचे बाळ असेल, तर भिंतीवर चिकटवलेले तासिकांचे वेळापत्रक टिकत नाही; आमचे चौथ्या दिवशी काढून ठेवावे लागले. चूक विषयांच्या वाटणीत नव्हती, तर नऊ वाजता गणित म्हणजे नऊच वाजता गणित, या हट्टात होती. त्याऐवजी अभ्यासाचे तीन वाटे करावेत : बाळ झोपलेले असताना करायचा, बाळ अंगावर पीत असताना करायचा आणि बाळ जागे असताना करायचा.

सुरुवातीचा एक आठवडा काहीही नवे न शिकवता बाळाच्या झोपेच्या आणि दुधाच्या वेळा वहीत लिहाव्यात. सहा महिन्यांनंतर बहुतेक बाळांच्या दिवसाच्या झोपा सकाळी एक आणि दुपारी एक अशा बसू लागतात आणि त्यांच्या वेळा थोड्याफार सांगता येतात. पहिल्या तीन महिन्यांत असा काही क्रम लागलेला नसतो, त्यामुळे सव्वा महिना आणि त्यापुढचेही काही आठवडे पुस्तके ऐकणे, चित्रे काढणे आणि घरकामात हात लावणे एवढ्यावरच मुलांना सोडावे. इतक्याने त्यांचे वर्ष बुडत नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात पहिली ते पाचवीसाठी वर्षाला २०० दिवस आणि ८०० तास सांगितले आहेत, म्हणजे दिवसाला चार तास. पण त्यात एका शिक्षकामागे तीस मुले गृहीत धरलेली आहेत. घरी तीन मुलांना मिळून आईचा सव्वा ते दीड तास सलग नव्हे, तुकड्यांनी मिळाला, तरी प्राथमिक वयाला तो पुरतो, असा माझा अनुभव आहे.

सकाळची झोप ही दिवसातली सर्वांत मौल्यवान वेळ असते. त्या वेळात फक्त तेच शिकवावे, जे तुमच्याशिवाय होऊच शकत नाही : सहा वर्षांच्या मुलाचे वाचन आणि आठ वर्षांच्या मुलाच्या गणितातली एखादी नवी रीत, उदाहरणार्थ हातच्याची वजाबाकी. आधी धाकट्याला घ्यावे, कारण जोडाक्षराशी अडलेले मूल एकटे पुढे जाऊ शकत नाही. मोठे तोवर शुद्धलेखन किंवा कालची उदाहरणे करू शकते. पंधरा-वीस मिनिटांनी पाळी बदलावी. या वेळात कुकर लावण्याचा मोह होतो, तो टाळावा. भाजी बाळ जागे असतानाही चिरता येते, वजाबाकी शिकवता येत नाही.

खरी अडचण चार वर्षांच्या मुलाची असते. बाळ झोपले की आई आपली, असे त्याने धरलेले असते आणि नेमकी तेव्हाच ती दादा-ताईला घेऊन बसते. म्हणून बाळाला निजवण्याआधीची दहा मिनिटे पूर्णपणे त्याला द्यावीत आणि बाळ निजल्यावरच बाहेर निघेल असा एक डबा त्याच्यासाठी ठेवावा : कणकेचा गोळा, लहान वाट्या, जुन्या लग्नपत्रिका आणि खडू. एरवी तो डबा उंच फळीवर असला, तरच त्याची गोडी टिकते.

अंगावर पाजण्याची वेळ मोठ्याने वाचून दाखवण्याची. एका हातात बाळ, दुसऱ्या हातात पुस्तक, आणि पान उलटण्याचे काम मुलांकडे. बालभारतीची पाठ्यपुस्तके तिच्या संकेतस्थळावरून विनामूल्य उतरवून घेता येतात, आणि १९७१ पासून निघणाऱ्या ‘किशोर’ मासिकाचे जुने अंकही तसेच मिळतात. तिघांसाठी तीन गोष्टी शोधत बसू नये. गोष्ट एकच वाचावी. मग थोरलीने ती चार ओळींत लिहावी, मधल्याने क्रमाने सांगावी आणि चार वर्षांच्या मुलाने तिचे चित्र काढावे.

बाळ जागे असताना तोंडी आणि हाताने करायच्या गोष्टी चालतात. पाढे पाळण्याच्या किंवा झोळीच्या झोक्यावर फार चांगले बसतात. ‘बे एके बे’ला जो ठेका लागतो, तो दोरीच्या येण्याजाण्यात आयताच मिळतो. पावसाळ्यात तळ सपाट असलेले सरळ कडांचे भांडे गच्चीवर ठेवून रोज सकाळी साठलेले पाणी पट्टीने मिलिमीटरमध्ये मोजावे. थोरली आकडे लिहिते, मधला स्तंभालेख रंगवतो. मोजणीसाठी आपल्याकडे चिंचोके सर्रास वापरतात, पण रांगते बाळ सापडलेली प्रत्येक वस्तू तोंडात घालते आणि चिंचोका घशात अडकू शकतो. त्यामुळे चिंचोके फक्त झोपेच्या वेळी, घट्ट झाकणाच्या डब्यातून काढावेत. आधी वीस मोजून द्यावेत आणि नंतर वीसच मोजून परत घ्यावेत, म्हणजे गणितही होते. गुंजा मात्र घरातच ठेवू नयेत. त्यांचे बी विषारी असते.

थोरल्या मुलीवर बाळ सोपवून बाकीच्यांना शिकवणे सर्वांत सोपे वाटते, आणि तेच सर्वांत महाग पडते. बालशिक्षणाचे काम करणाऱ्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांना पालघर जिल्ह्यातल्या कोसबाडच्या आदिवासी पाड्यांवर हाच पेच दिसला होता : मोठी मुलगी धाकटे भावंड सांभाळायला अडकते, म्हणून तिची शाळा सुटते. तिथल्या विकासवाडी या आपल्या प्रकल्पात त्यांनी पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच ठिकाणी आणली. घरी हे सूत्र असे पाळावे की बाळ अभ्यासाच्या खोलीतच सतरंजीवर, सर्वांच्या नजरेसमोर राहील आणि थोरलीचा अभ्यास संपेपर्यंत तिला कोणी हाक मारणार नाही. आजी-आजोबा किंवा बाळाचे बाबा अर्धा तास देऊ शकत असतील, तर त्यांनी बाळ बाहेर फिरवून आणावे. मुलांना शिकवण्यापेक्षा ही मदत जास्त उपयोगी पडते.

लसीकरणाचे दिवस आधीच ठाऊक असतात : सहा, दहा आणि चौदा आठवडे, मग नऊ महिने. लसीनंतर ताप आणि किरकिर होऊ शकते, म्हणून तो दिवस आणि दुसरा दिवस दिनदर्शिकेवर सुट्टीचा मांडून ठेवावा.

कायद्याची बाजूही माहीत असावी. १ एप्रिल २०१० पासून लागू झालेला शिक्षण हक्क कायदा सहा ते चौदा वयाच्या मुलांना लागू आहे. त्याचे कलम १० मुलाला शाळेत दाखल करणे हे पालकांचे कर्तव्य ठरवते, मात्र त्यासाठी पालकांना शिक्षा सांगत नाही. पुढे शाळेत जायचे ठरले, तर कलम ४ प्रमाणे वयानुरूप वर्गात प्रवेश मिळतो, आणि शाळेत न जाता जिची परीक्षा देता येते त्या राष्ट्रीय मुक्त विद्यालयाच्या दहावीला वयाची चौदा वर्षे पूर्ण लागतात. वर्गात बसल्यावर मूल कुठे आहे हे शिक्षकांना सांगता यावे, म्हणून रोज रात्री प्रत्येकाच्या नावापुढे तारीख, वाचलेले पान आणि अडलेली गोष्ट एवढे एका ओळीत लिहावे. बाळाच्या झोपेची नोंदही त्याच वहीत ठेवावी, कारण दात येऊ लागले की ती बदलते आणि सकाळचा वाटा पुन्हा मांडावा लागतो.