मल्टिव्हर्स कॅम्पेन चालवताय? तेराव्या लेव्हलनंतर या चुका टाळा

आमच्या टेबलावर साडेपाच वर्षं डंजन्स अँड ड्रॅगन्स या फासे टाकून गोष्ट रचायच्या खेळाचं एकच कॅम्पेन, म्हणजे अनेक जगांत फिरणारी एकच सलग गोष्ट, चालू आहे. छत्रपती संभाजीनगरात, मित्राच्या घरी वरच्या खोलीत, एक रविवार आड. पहिल्या लेव्हलला, म्हणजे ताकदीच्या पहिल्या टप्प्यावर, तळघरातले उंदीर मारताना घाम फुटलेली मंडळी आज सतराव्या लेव्हलला आहेत. आता एका जगातून दुसऱ्या जगात जायला त्यांना एक अ‍ॅक्शन पुरते, म्हणजे खेळातले सहा सेकंद. डंजन्स अँड ड्रॅगन्समध्ये लेव्हल वीसच आहेत, पण मी पाहिलेल्या बहुतेक टेबलांवर दहाव्या-बाराव्या लेव्हललाच खेळ थंडावतो. खेळाडूंची ताकद फार वाढते म्हणून असं होतं, असं सगळे सांगतात. माझा अनुभव वेगळा आहे. जगं वाढत जातात आणि त्या नादात ज्या गावातून गोष्ट सुरू झाली ते गाव गेम मास्टरच्या, म्हणजे माझ्यासारख्या खेळ चालवणाऱ्याच्या, हातून सुटतं, तिथून खेळ सैल पडायला लागतो.

आधी जगं, मग गाव

तेराव्या लेव्हलला प्लेन शिफ्ट, म्हणजे जगं ओलांडायचं स्पेल (मंत्र), खेळाडूंच्या हाती आलं तेव्हा मी दोन महिने बसून नऊ जगं लिहिली. अग्निलोक, धुक्याचं जग, उलट्या आकाशाचं जग. नकाशे, राजे, भाषा, सगळं. खेळाडू आले, पाहून गेले. चौथ्या जगात एकानं सरळ विचारलं, "दादा, इथं आपण काय करायलाव?" माझ्याकडे उत्तर नव्हतं.

मग मी उलट्या बाजूनं सुरुवात केली. परभणी जिल्ह्यातल्या वालूरची चक्राकार बारव मी पाहिलेली होती. पायऱ्या गोल फिरत खाली पाण्याकडे उतरतात. तीच बारव मी पार्टीच्या, म्हणजे खेळाडूंच्या पात्रांच्या टोळीच्या, गावात आणून ठेवली. प्रत्येक पायरी म्हणजे एका जगाची वाट, आणि त्या त्या जगातली एखादी नदी आटली की गावच्या बारवेतलं पाणी एक पायरी खाली जातं. सिगिल हे दारांचं शहर याच खेळाच्या प्लेनस्केप या छापील विश्वात १९९४ पासून तयार मिळतं आणि ते सुंदरच आहे. पण आमच्या टेबलावर बसलेल्यांनी २०१६ साली मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आलेलं पाहिलंय. त्यातला एक तर तेव्हा लातुरातच राहत होता. पाणी पायरीनं खाली जातंय, हे त्याला समजावून सांगावं लागलं नाही.

आता प्रत्येक सेशनच्या सुरुवातीला मी एकच गोष्ट सांगतो: आज पाणी कितव्या पायरीवर आहे. दोन-तीन रविवारांनंतर मी तोंड उघडायच्या आत खेळाडूच ते विचारायला लागले. तुमच्या गोष्टीत बारव नसेल, शाळा असेल, आजी असेल, चहाचं दुकान असेल. नवीन जग लिहायला घ्याल तेव्हा पहिली ओळ ही लिहा: या जगात काही बिघडलं तर घरी काय बदलेल? ही ओळ सुचली नाही तर ते जग बाजूला ठेवा. माझ्या नऊपैकी पाच जगं अजून वहीतच आहेत.

ताकद काढून घेणं

"इथं टेलिपोर्ट चालत नाही", "या किल्ल्यावर जादूला बंदी आहे". एकदा चालून जातं. तिसऱ्यांदा ऐकल्यावर विझर्ड, म्हणजे जादूगार, खेळणारा फासे खाली ठेवतो, आणि त्याचं बरोबरच आहे. ती ताकद त्यानं चार वर्षं खेळून मिळवलेली असते.

ताकदीला आवर घालणाऱ्या तोट्या नियमांतच आहेत, त्या वापरा. प्लेन शिफ्टला किमान २५० सुवर्णमुद्रांचा एका टोकाला दोन फाटे असलेला धातूचा दांडा लागतो आणि तो त्याच जगाशी जुळवलेला असावा लागतो. आपण आणि आणखी आठ जणांपुरता प्रवास आणि उतरायची जागा अंदाजे. म्हणजे कुठलं जग कधी उघडायचं हे तो दांडा कुठे मिळतो यावर ठरतं, आणि दांडा कुठे ठेवायचा हे तुमच्या हातात आहे. आमच्या पार्टीनं धुक्याच्या जगाचा दांडा मिळवायला तीन सेशन घालवले आणि एकानेही कुरकुर केली नाही, कारण ते मिळवत होते, त्यांना कुणी अडवत नव्हतं.

विश या इच्छा पुरी करणाऱ्या स्पेलबद्दलही हेच. खेळाडूच्या शब्दांत खोट काढून त्याला फसवायची सवय बऱ्याच गेम मास्टरांना असते. तसं करू नका. आठव्या लेव्हलपर्यंतचं दुसरं स्पेल विशनं केलं तर काही बिघडत नाही. त्यापलीकडचं मागितलं तर विश कायमचं गमावण्याची शक्यता ३३ टक्के. एवढी किंमत पुरेशी आहे.

खलनायकाचं खरं नाव

ही चूक मला सगळ्यात महाग पडली, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

नद्या पळवणाऱ्याला आमच्या गोष्टीत सगळे तहानराजा म्हणत. त्याचं खरं नाव मी तिसऱ्याच सेशनला एका म्हाताऱ्या कोळ्याच्या तोंडून सांगून टाकलं होतं. प्रसंग रंगला होता, नाव सुचलं, बोलून गेलो. चार वर्षांनी पार्टीतली क्लेरिक, म्हणजे देवाच्या शक्तीनं जादू करणारी पुजारीण, सतराव्या लेव्हलला पोचली आणि तिला गेट हे स्पेल मिळालं. ती क्लेरिक खेळणारी आमची मैत्रीण दर सेशनच्या नोंदी ठेवते, निळ्या शाईत, दोनशे पानी वहीत. त्या रविवारी तिनं स्पेलचं वर्णन वाचलं, वही मागे मागे चाळली, एका पानावर बोट ठेवलं आणि म्हणाली, "दादा, ह्याचं नाव तर आपल्याकडं हाय की!"

गेटचा नियम असा: दुसऱ्या जगात असलेल्या कुणाचं खरं नाव घेतलं तर दार त्याच्याजवळ उघडतं आणि त्याला ओढून आणतं. पदवी किंवा टोपणनाव चालत नाही. तहानराजा ना सैन्य, ना किल्ला, असा एकटा गावच्या देवळासमोर येऊन पडला. दोन राउंडमध्ये संपला. मी आठ सेशनांची तयारी करून ठेवली होती.

मी ते होऊ दिलं. त्या क्षणी नवीन नियम काढला असता तर ती वही तिनं पुन्हा कधी उघडली नसती. घरी जाताना एकच प्रश्न डोक्यात होता: तो मेला, मग नद्या कुठे आहेत? तो एकटाच जाणत होता. पुढचं सगळं कॅम्पेन त्या प्रश्नावर चाललंय आणि आधी लिहिलं होतं त्यापेक्षा चांगलं चाललंय.

तुमच्यावर ही वेळ येऊ नये म्हणून पहिल्या दिवसापासून मोठ्या शत्रूला पदवीनंच वावरू द्या. खरं नाव शोधणं हीच एक मोहीम होऊ द्या. नाव आधीच फुटलं असेल तर नियमात अजून एक आधार आहे: देव आणि जगांचे अधिपती आपल्या हद्दीत किंवा आपल्यासमोर गेट उघडू देत नाहीत. शत्रूला अशा एखाद्याच्या आश्रयाला पाठवा, पण ते पार्टीच्या कानावर आधी गेलं पाहिजे.

पाहुणे कोण, हे विसरणं

२०१४च्या नियमांनी खेळत असाल तर बॅनिशमेंट हे हाकलून देणारं स्पेल नीट वाचा. ज्याच्यावर टाकलं तो दुसऱ्या जगाचा असेल आणि स्पेल पूर्ण मिनिटभर टिकलं, तर तो आपल्या जगात परत जातो आणि तिथेच राहतो. घरी असताना हे हत्यार पार्टीचं असतं. अग्निलोकात मात्र परके आपणच! आमचा फायटर असाच लढाईतून थेट बारवेच्या काठावर येऊन पडला. त्याला बाहेर बसवून न ठेवता मी वीस मिनिटं त्याच्याशी गावाबद्दल खेळलो. पाणी भरायला आलेल्या बायका, कोरडी पायरी, "तुम्ही गेल्यापासून दोन पायऱ्या उतरलं" असं सांगणारा पोरगा. बाकीचे चौघे लढाई विसरून ऐकत होते.

एकच अवाढव्य राक्षस

पाच खेळाडूंसमोर एक राक्षस उभा केला की गणित त्याच्या विरोधात असतं. त्याचे तीन लेजेंडरी रेझिस्टन्स (स्पेल हाणून पाडायच्या संधी) एका राउंडमध्येच खर्ची पडू शकतात. मेटिओर स्वॉर्म या उल्कावर्षावाच्या स्पेलचे ४० फासे म्हणजे सरासरी १४० नुकसान, तेही एका अ‍ॅक्शनमध्ये. त्याचे हिट पॉइंट, म्हणजे किती मार सोसेल तो आकडा, वाढवत बसलात तर लढाई नुसती लांबते. लढाई चालू असताना दुसरं काहीतरी करावं लागेल असं ठेवा: तीन झडपा बंद करायच्या आहेत, कैद्यांना पायऱ्यांवरून वर न्यायचं आहे. आणि ते ४० फासे खेळाडूला त्याची पाळी येण्याआधीच टाकून, बेरीज करून ठेवायला सांगा.

मरणाचीच भीती घालणं

ट्रू रिझरेक्शन हे मेलेल्याला उठवणारं स्पेल हाती आलं की २५,००० सुवर्णमुद्रांचे हिरे खर्चून दोनशे वर्षांपूर्वी मेलेलाही उठतो, तो म्हातारपणानं गेलेला नसला म्हणजे झालं. "सगळं विश्व नष्ट होणार" या धमकीचंही तेच, दुसऱ्यांदा तिचा परिणाम होत नाही. हिऱ्यांनी जे परत येत नाही ते पणाला लावा. दिलेला शब्द, गावकऱ्यांचा विश्वास, ज्या जगातून नदी परत आणाल तिथल्या लोकांची तहान. आमच्या पार्टीचं सगळ्यात कडाक्याचं भांडण याच शेवटच्या मुद्द्यावर झालं. फासे तासभर कुणी हातात घेतले नाहीत.

शेवट पुढे ढकलणं

ऑक्टोबरात सोयाबीनची काढणी असते, आमचे दोघे गावी जातात. तेवढे दिवस त्यांची पात्रं एका पायरीवर अडकतात आणि परत आली की तिथली एक बातमी घेऊन येतात. खाडे असे सांभाळता येतात. शेवटाची तारीख मात्र ठरवावीच लागते, कारण विसाव्या लेव्हलच्या पुढे लेव्हल नाही आणि "अजून एक जग" म्हणत राहिलं की वर्ष निघून जातं. आम्ही दिवाळीनंतरचा दुसरा रविवार ठरवलाय. काढणी उरकलेली असेल, परभणीचा गडी सकाळच्या गाडीनं येईल, आणि वहीत चार पानं कोरी आहेत.