फॅक्टोरियल लिहिताना: सेमीकोलन आणि थांबण्याची अट
सी भाषेतला प्रोग्राम कंपाइल करताना, म्हणजे कंपायलरकडून यंत्राच्या भाषेत बदलून घेताना, एकदम अनेक चुका दिसल्या, तरी आधी फक्त पहिली दुरुस्त करून पुन्हा कंपाइल करावे. कारण एखादा सेमीकोलन किंवा महिरपी कंस राहिला की पुढच्या निर्दोष ओळींवरही बोट ठेवले जाते, आणि दाखवलेली ओळ बरोबर वाटली तर तिच्या आधीची तपासावी. याहून फसवी चूक म्हणजे नको तिथे पडलेला सेमीकोलन. फॅक्टोरियल म्हणजे १ पासून एनपर्यंतच्या सर्व पूर्णांकांचा गुणाकार. तो काढणाऱ्या रिकर्सिव्ह, म्हणजे स्वतःलाच बोलावणाऱ्या, फंक्शनमध्ये ‘एन एकपेक्षा मोठा नसेल तर १ परत कर’ ही थांबण्याची अट लिहिताना इफच्या कंसानंतर लगेच सेमीकोलन दिला, तर अट तिथेच संपते, रिटर्न प्रत्येक वेळी चालतो आणि ५ चे उत्तरही १ येते. कंपायलर याला सिंटॅक्सची, म्हणजे लेखनाच्या नियमांची, चूक मानत नाही, म्हणून वॉर्निंग नेहमी चालू ठेवून वाचाव्यात. पुढच्या कॉलला ‘एन वजा एक’ हीच किंमत द्यावी. तिथे एननंतर दोन वजाचिन्हे लिहिली, तर जुनीच किंमत पुढे जाते, फंक्शन स्वतःला बोलावत राहते आणि स्टॅक, म्हणजे कॉलच्या नोंदींची मेमरी, भरून प्रोग्राम कोसळतो. ३२ बिटांच्या इंट या पूर्णांक प्रकारात १२ चे फॅक्टोरियल, म्हणजे ४७,९०,०१,६००, मावते. १३ साठी त्याहून मोठा लाँग लाँग प्रकार वापरावा.