अल्जेब्रात रिसर्च करायचाय आणि कॉलेजात शिकवायचंय? मग हे वाचा

एमएस्सीच्या पहिल्या वर्षापासूनच सुरुवात करा, शेवटच्या सेमिस्टरची वाट बघू नका. नॅशनल सेंटर फॉर मॅथेमॅटिक्सची अॅन्युअल फाउंडेशन स्कूल्स असतात, तिथे अर्ज कराच, कारण तिथे दिवसभर लेक्चर आणि मग ट्युटोरियलमध्ये स्वतः गणितं सोडवायची असतात आणि आपल्याला ग्रुप, रिंग, मॉड्यूल (अल्जेब्रातल्या मूलभूत रचना) खरंच किती कळलंय ते तिथेच कळतं. पुण्यात असाल तर भास्कराचार्य प्रतिष्ठानात जाऊन या, 1976 मध्ये श्रीराम अभ्यंकरांनी सुरू केलेली संस्था, आणि ते स्वतः अल्जेब्रिक जॉमेट्रीतले (समीकरणांतून आकार अभ्यासणारी शाखा) केवढे मोठे!

कॉलेजात परमनंट व्हायचं तर नेट किंवा सेट (प्राध्यापक व्हायला लागणाऱ्या पात्रता परीक्षा) काढून ठेवा, महाराष्ट्र आणि गोव्याची सेट पुणे विद्यापीठ घेतं.

पीएचडीचा गाइड निवडताना नुसतं नाव बघू नका, त्यांच्या विद्यार्थ्यांशी बोला, सर किंवा मॅडम आठवड्याला भेटतात का ते विचारा. पीएचडीत महिनोन्‌महिने काहीच सुटत नाही, तेव्हा छोटी उदाहरणं हाताने करा, लागलं तर सेज या गणिताच्या सॉफ्टवेअरमध्ये तपासा.

आणि शिकवताना प्लीज व्याख्येपासून सुरू करू नका. फळ्यावर 6 = 2×3 लिहा, खाली 6 = (1+√−5)(1−√−5) लिहा, आणि विचारा की आता युनिक फॅक्टरायझेशनचं (संख्येचे मूळ अवयव एकाच प्रकारे पडतात, या नियमाचं) काय झालं? मुलं स्वतःच वाद घालायला लागतात, मग आयडियल (संख्येऐवजी घेतलेला विशिष्ट संच, ज्याचे अवयव पुन्हा एकाच प्रकारे पडतात) का हवा ते सांगायला फार कष्ट पडत नाहीत.