मोठ्या घरातून दोन खोल्यांत जायचं तर

घर सोडायचं ठरलं की माणसं आधी खोकी आणायला धावतात. खोकी शेवटी लागतात. आधी खडू आणि मापाची टेप आणा.

आम्ही दोघी जावा सांगलीच्या गावभागातलं सासऱ्यांचं घर सोडून विश्रामबागेत दोन खोल्यांत राहायला आलो. अक्का, म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई, पंचाहत्तरी ओलांडलेल्या. मी शाळेतून निवृत्त. दोघींचीही मुलं बाहेरगावी. या घराने २००५ चा पूर सोसला, २०१९ चाही सोसला. त्या ऑगस्टात आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली होती. तिथे धोक्याची पातळी ४५ फूट आहे. २०२१ ला पाणी पुन्हा आलं, तेव्हा अक्काच म्हणाल्या, "माळ्यावर सामान चढवायचा आता दम नाही गं. जाऊ या आपण." आवरताना जे कामाला आलं ते इथे सांगते. तुमचं घर नदीकाठी नसलं तरी माळा, फडताळ आणि परस तुमच्याकडेही असेल.

अंगणात नवं घर आखा

नव्या जागेची मापं घ्या: खोल्यांची, दारांची, लिफ्टची आणि जिन्याच्या वळणाची. मग अंगणात किंवा गच्चीवर ती खोली खऱ्या मापाने खडूने आखा. दार कुठल्या बाजूला उघडतं, खिडकी कुठे आहे, बटणं कुठे आहेत, सगळं आखा. दहा बाय बाराची खोली कागदावर प्रशस्त वाटते. तिच्यात पलंग, कपाट आणि दोन खुर्च्या मांडल्या की चालायला किती जागा उरते ते तिथल्या तिथे कळतं. अक्कांना बिल्डरचा नकाशा समजत नव्हता. खडूच्या चौकोनात उभ्या राहिल्यावर त्यांनीच सांगितलं की शिसवी पलंग नको, दोन साधे दिवाण करू, रात्री उठताना गुडघा लागायला नको. वयस्कर माणसाला "हे टाका, ते टाका" म्हणण्यापेक्षा त्या चौकोनात उभं करा. निर्णय त्यांचा होतो आणि मन दुखावत नाही.

जुनं सागवानी सामान मोडीत जाऊ देऊ नका. वाड्यांचं लाकूड घेणारे व्यापारी असतात, त्यातल्या निदान दोघांना बोलवा आणि दोघांना वेगवेगळ्या दिवशी बोलवा.

कागदांना घाई नको

ट्रंकेतले कागद एकटीने बसून चाळा, मदतीला गर्दी नको. खरेदीखत, वाटणीपत्र, मिळकत पत्रिका, फेरफाराचे उतारे, घरपट्टीच्या पावत्या एका पिशवीत. पेन्शन, बँक, दवाखान्याचे कागद दुसऱ्या पिशवीत. घर विकून झालं तरी त्या व्यवहाराच्या प्रती जपून ठेवा, प्राप्तिकरासाठी लागतात.

ओल लागलेले कागद उन्हात टाकू नका, वेडेवाकडे होतात आणि शाई उडते. सावलीत पंख्याखाली पसरा, पानांमध्ये कोरे टिपकागद घाला आणि ओले झाले की बदला. भिजून एकमेकांना चिकटलेले फोटो ओढून सोडवू नका. स्वच्छ पाण्यात थोडा वेळ ठेवले तर बरेचदा आपसूक सुटतात. फोटोच्या मागे नावं लिहायची तर मऊ पेन्सिलीने. आणि नावं आत्ताच लिहा. आमच्या घरातल्या लग्नाच्या फोटोंतल्या निम्म्या बायका फक्त अक्काच ओळखू शकतात.

मोडी लिपीतले कागद सापडले तर रद्दीत घालू नका, मग ते पन्नास रुपयांचं कर्जरोख्याचं चिठोरं का असेना. पुण्याचं भारत इतिहास संशोधक मंडळ १९१० पासून असलेच कागद जपतं आहे, धुळ्याला राजवाडे संशोधन मंडळ आहे. आधी मोडी वाचणाऱ्या कुणाकडून काय आहे ते वाचून घ्या, मग ठरवा.

पुस्तकांचं एकच सांगते. ग्रंथालयाला न विचारता पोती नेऊन टाकू नका. यादी करून दाखवा, त्यांना हवी तेवढीच ते घेतील, आणि ती वाचली जातील.

भांडी: आधी नाव वाचा

तांब्या-पितळेची भांडी विकायला काढण्याआधी एक काम करा. प्रत्येक भांडं चिंचेने नाहीतर लिंबाच्या सालीने घासा आणि काठ उजेडात धरा. जुन्या भांड्यांवर नाव घातलेलं असतं: कुणी दिलं, कुणाला दिलं, कुठल्या निमित्ताने. आमच्याकडच्या एका परातीवर माहेरच्या शेजारणीचं नाव निघालं, एका घंगाळावर सासऱ्यांच्या मित्राचं. अशी भांडी वेगळी काढा. ती कुठे जायची ते पुढे सांगते.

उरलेल्यांतून रोजच्या वापराची चार-सहा ठेवा. पितळेची पातेली ठेवणार असाल तर कल्हई करून घ्या. कथील आणि नवसागर घेऊन फिरणारे कल्हईवाले आता कमी झालेत, पण भांड्यांच्या जुन्या दुकानात विचारलं की पत्ता मिळतो. कल्हई गेलेल्या पितळेत ताक, आमटी, चिंचेचं काही ठेवू नका, कळकतं. पाटा-वरवंटा फ्लॅटमध्ये नेण्याआधी खालच्या मजल्यावर कोण राहतं त्याचा विचार करा. आम्ही तो गावातच ज्यांना रोज लागतो अशा घरी दिला.

मोडीत द्यायचं सामान घरीच ताणकाट्यावर तोलून, तांबं वेगळं, पितळ वेगळं, वजन लिहून ठेवा. मग दुकानात जा. बंबासारख्या भांड्याला लोखंडाची जाळी आणि कड्या असतात, त्या आधीच काढून घेतल्या की वजनावरून वाद होत नाही.

द्यायचं तर घरी जाऊन

या सगळ्यात मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हे. वस्तू द्यायच्या असतील तर माणसांना "येऊन काय हवं ते घेऊन जा" असं म्हणू नका. तसं म्हटलं की लोक संकोचाने एखादी बशी उचलतात, नाहीतर नको असलेलं ओझं घेऊन जातात. तुम्ही त्यांच्याकडे जा, आणि पहिल्यांदा रिकाम्या हाताने जा.

दुपारची झोप झाल्यावर, चारच्या पुढे, आदल्या दिवशी फोन करून. चहा घ्या, बोला. घरात नजर फिरू द्या: स्वयंपाकघरात जागा आहे का, सून कशात स्वयंपाक करते, नातवंडं काय शिकताहेत. निघताना विचारा, "माझ्याकडे एक परात आहे, तुमच्या आईंचं नाव आहे तिच्यावर. पाठवू का?" नको म्हणायला त्यांना मोकळीक राहिली पाहिजे. माझी एक मैत्रीण सरळ म्हणाली, "अगं, मीच माझी काढतेय." तेही बरं झालं, त्या दिवसापासून आम्ही दोघी एकमेकींची कपाटं लावायला जायला लागलो.

हो म्हणाल्या तर दुसऱ्या खेपेला वस्तू घेऊन जा. भांडं रिकामं देऊ नये, हे आपल्याकडे पहिल्यापासून आहे. मूठभर गहू, साखर, हळकुंडं, काहीतरी आत घाला. विळी नाहीतर अडकित्ता देताना समोरच्याकडून एक रुपया घ्या, म्हणजे धारेची वस्तू फुकट दिली असं होत नाही. आणि वस्तूची हकिगत सांगा, कुणाची होती, काय व्हायचं तिच्यात. हरिपूरच्या एका घरी मी मोठं सतेलं नेलं, तेव्हा तिथल्या आजींनी मला हळदीच्या पेवांची गोष्ट सांगितली: जमिनीखालच्या त्या पेवांत वर्षानुवर्षं हळद कशी राहायची आणि २००५ च्या पुरात ती कशी गेली. द्यायला गेले होते, पण तासभर मीच ऐकत बसले.

छोट्या वस्तूंसाठी संक्रांत ते रथसप्तमीचे दिवस धरा. पळ्या, वाट्या, पानाचे डबे, निरांजनं घासून लखलखीत करा आणि वाण म्हणून द्या. आम्ही दोघी विधवा. वर्षानुवर्षं त्या दिवसांत आमचं बोलावणं दारापर्यंतच यायचं. म्हणून आम्ही बोलावलं तेव्हा कुणालाही वगळलं नाही: सवाष्णी, आमच्यासारख्या, लग्न न केलेल्या, कामाच्या बाईंच्या मुलीसुद्धा. सगळ्यांना तिळगूळ, सगळ्यांना वाण. तुम्हीही असंच करा, ही माझी कळकळीची विनंती आहे.

एक तंबोरा होता, सासऱ्यांचा, भोपळ्याला चीर गेलेला. वाद्य असं असेल तर शोभेला भिंतीवर लावू नका. मिरजेला सतारमेकरांची गल्ली आहे, पिढ्यान्‌पिढ्या हेच काम करणारी घरं तिथे आहेत. मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. भोपळा पंढरपूर-मंगळवेढ्याकडचा असतो, चीर सांधता येते, जवारी, म्हणजे तारा गुंजाव्यात म्हणून घोडीची केलेली घासणी, नव्याने लावता येते. नीट करून घ्या आणि शिकणाऱ्या मुलीला द्या. आमचा तंबोरा आता बुधगावात रोज सकाळी लागतो.

देव

कुळाचार जो पुढे चालवणार त्याच्याकडे टाक जाऊ द्या, नव्या देव्हाऱ्यात मावतील तेवढेच देव ठेवा. जुन्या तसबिरी पिंपळाखाली टेकवून येऊ नका. काच आणि चौकट काढली की उरतो तो कागद. आम्ही तो कुंडीच्या मातीत घातला.

परसातलं काय नेता येतं

मोठी झाडं येत नाहीत. रामफळ, नारळ, आंबा जिथे आहेत तिथेच राहणार. घर घेणाऱ्याला झाडं दाखवा, कुठलं कधी फळतं ते सांगा, आणि शहरात झाड तोडायला महापालिकेची परवानगी लागते याचीही आठवण करून द्या. १९७५ पासून तसा कायदा आहे.

बाकीचं बरंच नेता येतं, फक्त पावसाळा गाठा. घर दिवाळीत सोडायचं असेल तर रोपांची तयारी मृगात सुरू करा.

जास्वंदाची आणि अनंताची पेन्सिलीएवढी जाड फांदी तिरकी कापून लावली की पावसात धरते. चाफ्याची फांदी मात्र कापल्याबरोबर लावू नका. चीक गळून, कापलेला भाग सुकेपर्यंत चार-आठ दिवस सावलीत ठेवा, नाहीतर कुजते. जाईजुईची वेल वाकवून कुंडीतल्या मातीत दाबा, मुळं फुटली की आईपासून तोडा. डाळिंब, लिंबू यांना गुटी बांधा: निरोगी फांदीवरची बोटभर रुंदीची साल गोल काढायची, त्यावर ओलं शेवाळ ठेवून प्लॅस्टिकने दोन्ही बाजूंनी घट्ट बांधायचं. महिना-दीड महिन्यात आतून पांढरी मुळं दिसतात. मग गुटीच्या खालून कापा. कढीलिंबाच्या बुडाशी फुटवे असतात, मुळासकट उचलता येतात. हळद, आलं, अळू यांचे कंद पिशवीत येतात. गवती चहाचा गड्डा फोडून एक भाग घ्या. तुळशीच्या मंजिऱ्या आणि पारिजातकाच्या बिया खिशातही मावतात.

गॅलरीत नुसती माती भरू नका, ओली माती फार जड होते. अर्धं कोकोपीट आणि शेणखत मिसळा. कुंड्या कठड्यावर ठेवू नका, खाली रस्त्यावर मुलं खेळतात. तयार झालेली सगळी रोपं नेऊही नका. दूधपिशव्यांत लावलेली दोन-चार द्यायला गाठीला ठेवा. मैत्रिणीच्या घरी पहिल्यांदा जाताना रिकाम्या हाताने जा असं मी म्हटलं, त्याला अपवाद रोपाचा. रोप कधीही नेता येतं.

सरकारी कामं

मतदार यादीतला पत्ता बदलायला फॉर्म ८ भरा. गॅस एजन्सीला आधी विचारा: त्याच एजन्सीच्या हद्दीत असाल तर पत्ता बदलून भागतं, नाहीतर जोडणी दुसरीकडे हलवावी लागते. आधार, बँक आणि पेन्शनची नोंद एकाच आठवड्यात करून टाका. निवृत्तिवेतनधारकांनी नोव्हेंबरचा हयातीचा दाखला लक्षात ठेवावा. सामान हलवण्याच्या गडबडीत तो राहिला तर पेन्शन अडकते.

पाहुण्यांचं सामान काढू नका

जागा लहान झाली म्हणून येणंजाणं कमी करू नका. दोन घडीच्या गाद्या, चार जास्तीची ताटं, एक मोठं पातेलं आणि दोन स्वच्छ चादरी वेगळ्या बांधून दिवाणाखाली ठेवा. पुरात आम्हाला ज्या घराने आसरा दिला होता, तिथली माणसं नव्या जागेत पहिल्यांदा जेवायला आली, तेव्हा तेच पातेलं चढलं. आठवड्यातला एक वार जाण्याचा आणि एक येण्याचा ठरवा. आमचा जाण्याचा वार गुरुवार. अक्कांना बसने मिरजेपर्यंत आणि हरिपूरपर्यंत जमतं, त्यापलीकडे रिक्षा. येण्याचा वार रविवार, चारनंतर, आणि लिफ्ट बंद असेल तर आधीच फोन करून सांगायचं.